दत्ता भोईरचं तीन डोलकाठ्यांचं जहाज

२००३ च्या नोव्हेंबरात आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका पोस्टवर चढली. उंची साडेतेरा हजार फूट. मी नाईक कांबळे, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर. पायदळात रेडिओ ऑपरेटर होतो. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नाईक दत्ता भोईर होता. तो अंबरनाथचा. आमच्या गावांमध्ये एका स्टेशनचं अंतर, पण ओळख झाली ती पलटणीतच.

दत्ताचे वडील बाळारामकाका अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते. गुल न लावलेल्या काड्या ते घरी आणायचे आणि बापलेक त्यांची जहाजं बनवायचे. शिडांची, जुन्या काळची. दोघांपैकी कुणीही कधी शिडाच्या जहाजात पाय ठेवला नव्हता. मी एकदा रजेत त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच काड्या घासत बसलो. त्यानंतर दर रजेत जाऊ लागलो. सांगाड्यासाठी प्लायवूडचे तुकडे लागत. ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला एक सिंधी दुकानदार द्यायचा. फौजी म्हणून आम्हाला बसायला स्टूलही द्यायचा.

त्या वर्षी तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज काढलं होतं, चार फूट लांबीचं. काका घरी सांगाड्यावर काड्या बसवत होते. पोस्टवर आम्ही दोघं बारीक सामान करायचो: दोरखंडाच्या कप्प्या, शिड्या, होड्या. दिवसा ड्यूटी, बर्फ उपसणं, हत्यारसफाई. दुपारी तासभर मोकळा मिळाला की बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीशेजारी ब्लेड आणि काड्या निघायच्या. प्लाटूनचे प्रमुख सुभेदारसाहेब पाहून न पाहिल्यासारखं करायचे. काकांच्या पत्रात खुशालीच्या दोन ओळी, बाकी सगळी मापं. कप्पी हरभऱ्याच्या डाळीएवढी हवी, त्याहून मोठी नको, असं एका पत्रात होतं. दत्तानं डाळीचा दाणा लंगरमधून, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातून, मागून आणला आणि समोर ठेवून कप्प्या कोरल्या. फेब्रुवारीपर्यंत बिस्किटाच्या डब्यात एकशेदहा कप्प्या जमल्या होत्या.

फेब्रुवारीच्या मध्याला शिपाई माने आजारी पडला. वय बावीस. आधी खोकला, मग फेसाळ थुंकी, ओठ निळे. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याला खाली न्यायला हेलिकॉप्टर मागितलं. ढगांमुळे ते येऊ शकलं नाही. आमच्याकडे ऑक्सिजनचा एकच सिलिंडर उरला होता, तो दुपारपर्यंत पुरला असता. दत्ता आदल्या दिवशी तिघांना घेऊन खालच्या पोस्टवर रसद आणायला गेला होता. ऑक्सिजन घेऊन ताबडतोब वर या, असा निरोप मी त्याला दिला. सकाळी ०७१५ ला चौघं निघाले.

१०४० ला ते शेवटच्या उताराखाली पोचले. रेडिओवर आम्ही नेहमी हिंदीत बोलायचो. त्या वेळी दत्ता घरच्या बोलीत बोलला.

"कांबळे, यो उतार मना बरा वाटत नाय. बरफ पोकळ वाजतंय. मागं फिरू का, ईचार. ओव्हर."

मी सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते मानेच्या खाटेजवळ उभे होते. दुसरी वाट आहे का, त्यांनी विचारलं. होती, पण पाच तासांची. साहेबांनी मानेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आने दो. फासला रखके."

मी सेटचं बटण दाबलं. "पुढे या. एकमेकांत अंतर ठेवा. ओव्हर."

"रॉजर," दत्ता म्हणाला. "आउट."

१०५५ ला उतार सुटला. आवाज आम्ही पोस्टवरून ऐकला. दोघं कडेला फेकले गेले, ते वाचले. तिसऱ्याला आम्ही वीस मिनिटांत उकरून काढलं, तोही वाचला. दत्ता सर्वांत पुढे होता. त्याच्या पाठीवर सिलिंडर होता. अंधार पडेपर्यंत खणलं, दुसऱ्या दिवशीही खणलं. माने त्याच दुपारी १५२० ला गेला. मी त्या वेळी उतारावर फावडं मारत होतो. दत्ता मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर सापडला.

त्याच्या सामानाची यादी झाली, त्यात कप्प्यांचा डबाही होता. डबा काकांना मी स्वतः नेऊन दिला. काकांनी झाकण उघडलं, दाणे चाळावेत तसा हात फिरवला आणि म्हणाले की मापात आहेत.

२००६ ला मी निवृत्त झालो आणि आनंदनगरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो. दर रविवारी अंबरनाथला जायचो. काका आणि मी जहाज पुढे नेत होतो. काकांचे हात कापायचे, म्हणून दोरे मी ओवायचो. दत्ताचा विषय आम्ही काढत नव्हतो.

पलटणीच्या पत्रात लिहिलं होतं की दत्ता कर्तव्य बजावताना हिमस्खलनात शहीद झाला. ते खरंच होतं. पण त्या दिवशी दत्ताबरोबर असलेला एक जवान काकांना भेटून गेला असावा. एका रविवारी दुपारी, डोळे कामावर ठेवूनच, काकांनी विचारलं.

"त्यानं मागं फिरवाची परवानगी मागली व्हती?"

"हो."

"मंग त्याला नाय कोन बोलला?"

साहेबांचा हुकूम होता, असं सांगता आलं असतं. मानेचंही सांगता आलं असतं. ते सगळं मी नंतर सांगितलं. आधी तोंडातून निघालं ते असं: "काका, आवाज माझा होता."

काकांनी हातातली काडी डिंकात बुडवली होती. ती कुठे लावायची ते त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवली.

"फुडच्या रविवारी नको येवू," ते म्हणाले.

मी गेलो नाही. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा दत्ताच्या बहिणीनं दार उघडलं. काका खाटेवर होते. मला पाहून त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. मी चहा घेतला आणि निघालो. वर्षभरात काका वारले.

बहिणीचा फोन आला की घर रिकामं करायचंय, जहाज न्यायचं तर ने. मी गेलो. ओलीनं डिंक सुटला होता आणि प्लायवूडला कीड लागली होती. मी दोन्ही हातांनी उचललं तर सांगाडा मधोमध उघडला. काड्या फरशीवर पडत राहिल्या. बहीण आतून गोणी घेऊन आली. आम्ही दोघांनी भरली.

सुभेदारसाहेबांचा हुकूम चूक होता का, हे मला अजून लोक विचारतात. दत्ता मागे फिरला असता तरी माने वाचला नसताच. पुढे आला, तरी वाचला नाही.

२६ जानेवारीला बदलापूर गावातल्या शाळेत मला झेंडावंदनाला बोलावतात. शौर्याचं काही सांगा म्हणतात. मी दोन नावं सांगतो. लान्स नाईक दत्ता बाळाराम भोईर, वय एकोणतीस. शिपाई संतोष माने, वय बावीस. मुलं टाळ्या वाजवतात. वाजवू नका, असं सांगायचं दर वर्षी ठरवून जातो, आणि राहून जातं.