लातुरात तीन, नांदेडात चार

सर गेल्याचा फोन आला आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला... असलं काही वाचायला बसला असाल तर पान उलटा. फोन आला तेव्हा मी नांदेडात एका गॅदरिंगला सरांचीच नक्कल करत होतो. पोरं हसून लोळत होती.

सुधाकर सोनकांबळे सर म्हणजे आपल्या भागातले जुने फास्ट बॉलर. गुडघा गेल्यावर ते केबलच्या चॅनलवर तालुक्यातल्या मॅचची कॉमेंट्री करायला लागले. शेजारी मी. आता आतली गोष्ट सांगतो. कॉमेंट्री दुसऱ्या दिवशी, कॅसेट बघून भरायची. सरांना निकाल पाठ, तरी माईकवर म्हणायचे, "बघा हं, हा आता मिडऑनला कॅच देणार." देणारच की! अख्खं लातूर म्हणायचं, काय डोकं हाय माणसाचं! तेव्हापासून सरांच्या प्रत्येक शब्दावर माझा डाउट.

मग कोचिंग क्लासचा सुकाळ आला. परीक्षेआधी पोरांना पेटवायला सरांना बोलावणं यायचं. पुढं मीही सोबत, आधी दहा मिनिटं हसवायला. सरांच्या भाषणाचा शेवट ठरलेला. भूकंपाच्या दिवशी ते किल्लारीकडं धावले, ढिगाऱ्यातून लेकरं काढली. हॉल गप्प... पण नांदेडात लेकरं चार असायची आणि लातुरात तीन. दरवेळी! मी ताडलं, लातूर किल्लारीच्या जवळ, डोळ्यानं बघितलेलं कुणीतरी समोर बसलेलं असणार, म्हणून तिथं थाप जरा आखूड.

एकदा जीपमध्ये विचारलंच. "सर, एकदा फायनल करा ना. तीन का चार?"

"तू कवापासून स्कोअरर झालास रे?" म्हणून हसले, अन् बाहेर बघत बसले. माझी तर खात्रीच पटली.

शोकसभा लातूरच्या एका क्लासच्या हॉलात होती. मला बोलायला उभं केलं. म्हणलं, सरांवर पेपरात लिहिणार हाय, थोडं आधी ऐका. अन् सरांचा आवाज काढला, "नांदेडच्या पोरांनो, चार! लातूरच्या पोरांनो, तीन!" लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

खाली उतरताना जिन्यात वर्षा मॅडमनी अडवलं. त्या त्याच क्लासला बायोलॉजी शिकवतात, स्वतःही तिथंच शिकलेल्या.

"चौथी मी हाय," त्या म्हणाल्या.

"मग सर इथं तीनच का म्हणायचे?" मी विचारलं.

"मामाकडं राहून शिकत होते इथं. सरांनी इथल्या पहिल्या भाषणात, तू सोबत नव्हतास तेव्हा, कौतुकानं माझं नाव घेतलं, अन् सगळ्या माना वळल्या. वर्षभर पोरं मला भूकंपवाली म्हणायची. मीच सरांना जाऊन म्हणलं, सर, इथं मला मोजू नका. त्यांनी न्हाई मोजलं. मी शिकवायला लागले तरी न्हाई. अन् तुला कसं सांगतील? गावभर माईक घेऊन फिरतोस तू! टोमणा मारायला जमलं, नीट विचारायला न्हाई जमलं? मेलेल्या माणसाला खोटं पाडून टाळ्या घेतोस, लाज कशी वाटत न्हाई रे? पेपरात लिहिणार ना? मग लिही. लातूरच्या आवृत्तीतबी चारच लिही. चौथीचं नाव घाल. वळू देत माना."