आत्याबाईंच्या वाट्या

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उरलेलं अन्न फेकलेलं मी वीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. भाजी चमचाभर उरली तरी तिला वाटी मिळायची, वाटीवर झाकण मिळायचं आणि फ्रीजमध्ये जागा मिळायची. सोमवारची गवार, मंगळवारचं वांगं, कधीचं तरी अर्धं गाजर. दुधाचं पातेलं ठेवायला जागा करता करता माझं डोकं फिरायचं.

"काहून ठेवता आत्याबाई एवढंसं?"

"राहू दे वो. कामी येते."

फेकते म्हटलं की त्या तीनदा भांडायच्या. आधी माझ्याशी, मग ह्यांच्याशी आणि शेवटी देवापुढे बसून स्वतःशीच. वाटी अर्थातच फ्रीजमध्ये परत जायची.

आम्ही सौसरला राहतो. पांढुर्णा जिल्हा झाला तशी माझी बदली तिथल्या ऑफिसात झाली. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी बसनं यायचं. सात वाजता घरात पाय ठेवल्यावर पोळपाट हातात घेणं जिवावर यायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला पास्ता शिकवला. पास्ता उकडायचा, कांदा, लसूण, टमाटर परतायचे, घरात असेल ती भाजी त्यात ढकलायची, वीस मिनिटांत जेवण तयार. बुधवार पास्त्याचा ठरवला. पहिल्याच बुधवारी मी एकदम पाच वाट्या कढईत रिकाम्या केल्या. वाटलं, आज तरी आत्याबाई खूश होतील.

त्यांनी कढईत वाकून पाहिलं. "हे त बजारचे सरगुंडेच होय. कोनं केले ते मालूम नाही, एवढंच." आणि आपली भाकर घेऊन बसल्या.

सरगुंडे आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. घट्ट कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि त्या नळ्या उन्हात वाळवून डब्यात भरायच्या. आंबे आले की त्या नळ्या उकडून आमरसासोबत खायच्या. माझी मोठी नणंद, ताई, दर मे महिन्यात बैतूलहून माहेरी येते ती त्यासाठीच.

पास्ता आत्याबाईंनी कधी तोंडात घातला नाही, पण बुधवारी गॅसपाशी हजर असायच्या. हातात आणखी एक वाटी. "हे बी टाक." एकदा त्या वाटीत कारलं होतं. मी नको म्हटलं, मीठ घ्यायला वळले, तेवढ्यात त्यांनी ते कढईत उलटं केलंच. सगळा पास्ता कडू.

"खायचं नाही त टाकता काहून?" मी चिडून विचारलं.

"तुम्ही खाऊन राहिले ना," त्या शांतपणे म्हणाल्या.

डब्यांचीही तीच तऱ्हा. कोणत्या डब्यात काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. साखरेच्या डब्यात तूरडाळ, चहाच्या डब्यात मेथीदाणे, आणि विचारलं की, "मले सांगायचं ना, मी काढून देल्ली असती."

त्या वर्षी चैत्र लागला तशा त्या काडी आणि पाट घेऊन ओसरीत बसू लागल्या. दर रविवारी हाक मारायच्या. "ये वो, बस माझ्यापाशी. शिकून घे." मला आठवड्याचे कपडे धुवायचे असायचे, नाहीतर झोप काढायची असायची.

"पुढच्या रविवारी, आत्याबाई."

"बरं," म्हणायच्या आणि काडी उचलायच्या.

असाच एक बुधवार. बस उशिरा आली, डोकं ठणकत होतं, हे भुकेनं आत-बाहेर करत होते. मी भाज्या परतल्या, पाणी उकळायला ठेवलं आणि पास्त्याचं पाकीट जागेवर नाही. आत्याबाई देवळात गेलेल्या. मी एकामागून एक डबे उघडले. डाळ, मेथी, गूळ, सुपारी. सगळं सापडलं, पास्ता सोडून. शेवटी हाती लागला सरगुंड्यांचा डबा, अर्धाच भरलेला. तो ताईसाठी आहे हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू? पण राग असा चढला होता की मी तो आख्खा डबा उकळत्या पाण्यात ओतला. दिवसभर घरी असतात, आणखी करतील, असं मनाशी म्हटलं.

पानावर बसल्यावर ह्यांनी घास उचलला आणि थांबले. "हे त आईनं ताईसाठी केले ना?"

"आणखी होतील," मी म्हणाले.

"कशे होतीन? हात पाह्य तिचा. महिनाभर करून राहिली होती थे."

आत्याबाई देवळातून येऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात थरथरत होता. रोज त्याच हातातून मी चहाचा कप घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी ताट ओढलं. "वाढ मले बी."

गवार आणि वांगं घातलेले आपलेच सरगुंडे त्यांनी सावकाश संपवले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीठ कमी हाये," एवढंच म्हणाल्या आणि कढईत उरलेलं वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवलं.

मे महिन्यात ताई आंबे घेऊन आली. आल्या आल्या विचारलं, "सरगुंडे कुठी हाये, आई?"

"म्या खाल्ले. मन झालं."

"सगळे?"

"सगळे." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता पुढच्या सालापासून सूनबाई करन. हिले येते."

मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले.

त्यानंतर तरी शिकायला हवं होतं. पण ऑफिसात कामाचा डोंगर, मग पावसाळा. पावसाळ्यात नळ्या वाळत नाहीत. दिवाळीनंतर बसू, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं." दिवाळीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या. तेरवी झाल्यावर डबे घासायला काढले तेव्हा त्या बुधवारचा पास्ता सापडला. पोह्यांच्या डब्यात होता, कीड लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला घातलेला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

यंदा चैत्रात दर रविवारी मी काडी घेऊन बसले. कणीक सैल झाली की काडीला चिकटते, घट्ट झाली की दोरी तुटते. मोबाइलवर पाहिलं, शेजारणीला विचारलं. कशाबशा ओंजळभर नळ्या वाळल्या. ताई आली त्या दिवशी त्या उकडल्या तर सगळ्या उकलल्या आणि पातेल्यात गोळा झाला.

ताईनं पातेल्यात पाहिलं. "आई त म्हणे, तुले येते."

"नाही येत, ताई," मी म्हणाले, आणि तो बुधवार तिला पहिल्यापासून सांगितला.

 ताईनं त्या गोळ्यावर रस वाढून घेतला आणि खाल्ला. उरलेलं मी वाटीत काढलं, झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं.

मला अजूनही राग येतो, आणि तो आत्याबाईंचाच येतो. चमचाभर गवारीसाठी तीनदा भांडणारी बाई ती. माझं "पुढच्या रविवारी" ऐकून दर वेळी नुसतं "बरं" म्हणाली. त्यासाठी एकदा तरी भांडायला हवं होतं.