निळं न होणारं पाणी

मीरा लालवानी मॅडमचं नाव आधी लिहितो. पुढे ज्या दिवसाचं सांगणार आहे त्यात त्या कुठेच दिसणार नाहीत, कारण त्या दिवशी त्या लॅबमध्ये नव्हत्या. निवृत्त होऊन त्या भावाकडे कच्छमध्ये राहायला गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी तो दिवस त्यांचाच होता.

विद्यापीठाची कमिटी आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टेबलाभोवती उभी होती. प्राचार्य घाम पुसत होते. आणि रेश्मा मेंगाळच्या फ्लास्कमधलं पाणी काही केल्या निळं होत नव्हतं.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजमध्ये केमिस्ट्रीचा विभागप्रमुख आहे. आमच्याकडे एम.एस्सी. चालते. दर काही वर्षांनी बाहेरच्या प्राध्यापकांची कमिटी येते आणि विभागाचा दर्जा तपासते. शिकवणं, लॅब, उपकरणं, निकाल, सगळंच. गेल्या वेळच्या कमिटीने आमच्यावर काही शेरे मारले होते. या वेळी पुन्हा प्रतिकूल शेरा आला असता तर पुढच्या वर्षीचे एम.एस्सी.चे प्रवेश बंद झाले असते, असं विद्यापीठाने स्पष्ट कळवलं होतं.

कोर्स बंद झाला म्हणून माझी नोकरी जाणार नव्हती. जाणार होती ती रेश्मासारख्यांची पुढची दोन वर्षं. रेश्मा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बारवी धरणापलीकडच्या एका पाड्यावरून ती यायची. उल्हासनगरपर्यंत जा, त्याच्या पुढे नाही, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. एम.एस्सी. इथे झाली तर होणार होती. वर्गातल्या अशा मुली मला नावानिशी ठाऊक होत्या. त्या कुठल्या घरातून येतात हेही ठाऊक होतं, कारण मी त्याच बाजूचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

कमिटी येणार म्हटल्यावर कॉलेजात जे होतं ते आमच्याकडेही झालं. भिंतींना रंग लागला. बाटल्यांना नवी लेबलं लागली. आमचे प्राचार्य नवीन होते, माणूस सरळ, पण धास्तावलेला. त्यांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं, की कपाट असो की कुंडी, काहीही रिकामं दिसता कामा नये. मी विभागात येऊन तेच जसंच्या तसं सांगितलं. आमचे लॅब अटेंडंट भोईर मामा हे काम मनावर घेणारे. त्यांनी मान डोलावली.

आता थोडं पाण्याविषयी सांगायला हवं. आमच्या विभागात एक जुनी पद्धत आहे. प्रत्येक मुलाने आपल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि त्याचा हार्डनेस काढायचा. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, ते हार्ड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. ते मोजायला टायट्रेशन करतात. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, त्यात रंग दाखवणारा इंडिकेटर टाकायचा. पाणी लालसर होतं. वरच्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, एक द्रावण थेंबथेंब सोडायचं. सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या द्रावणाने पकडलं की पाणी निळं होतं. द्रावण जेवढं जास्त लागलं तेवढं पाणी हार्ड.

ही पद्धत लालवानी मॅडमनी सुरू केली. कॅम्प पाचची बोअरवेल, बुवापाड्याचा नळ, बेलवलीची सोसायटीची टाकी, वांगणीकडची विहीर, सगळं पाणी एका टेबलावर यायचं. आणि मॅडमचा नियम एकच होता. जे रीडिंग येईल ते लिहायचं. पुस्तकातल्या उत्तराशी जमवायचं नाही.

मी हा नियम न सांगताच पाळला होता, कारण रीडिंग जमवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी इथेच पहिल्या वर्षाला होतो. त्या दिवशी सगळ्यांना एकाच बाटलीतलं तयार पाणी दिलं होतं. बाकी सगळ्यांचं उत्तर सारखं आणि माझं भलतंच. मॅडमनी मला उभं केलं. मला वाटलं, आता घरी पाठवतात. त्या माझ्या टेबलाशी आल्या, ब्युरेट हातात घेऊन बघितली. तिची तोटी गळत होती. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "अरे बाबा, पाण्याला काय ठाऊक पुस्तकात काय लिहिलंय? ह्या एकट्या मुलाने आज प्रयोग केला. तुम्ही सगळ्यांनी उत्तर केलं."

त्या वाक्यावर मी आजवर नोकरी करत आलो आहे. त्यांनी मला इंग्रजीही शिकवलं, तेही बाटल्यांची लेबलं मोठ्याने वाचायला लावून. आमच्या पाड्यावर येऊन, अंगणात बसून, त्यांनी माझ्या वडिलांना त्यांच्या सिंधी वळणाच्या मराठीत सांगितलं होतं, "भाऊ, ह्याला अजून दोन वर्षं द्या. शेत कुठे पळून जात नाही."

तर कमिटी. तिचे अध्यक्ष डॉ. सबनीस. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. मी तयार केलेलं प्रेझेंटेशन त्यांनी निम्म्यातच थांबवलं आणि म्हणाले, मुलं काम करताना दाखवा. आम्ही मुलांना पाण्याच्या प्रयोगावर बसवलं. सबनीस टेबलांमधून फिरले आणि रेश्मापाशी थांबले. पाणी कुठलं, असं विचारलं. तिने सांगितलं, पाड्याच्या वरच्या अंगाला झरा आहे, त्याचं.

तिने नमुना मोजून घेतला, नियमाप्रमाणे तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेलं पाणी, त्यात घातलं, इंडिकेटर टाकला आणि ब्युरेटची तोटी उघडली. झऱ्याचं पाणी सॉफ्ट. गेल्याच आठवड्यात तिने ते केलं होतं, थोड्याशा द्रावणात निळं झालं होतं. आज द्रावण जात राहिलं आणि पाणी लालच. सबनीस बघत होते. बाकीचे दोन सदस्यही आले. प्राचार्य माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

शेवटी कधीतरी ते निळं झालं. रेश्माने रीडिंग वाचलं आणि तशीच थांबली.

तिच्या शेजारच्या टेबलावर करण होता. कॅम्प पाचचा, बापाचं जीन्सचं दुकान, तोंड कायम चालू. तो पुटपुटला, पण लॅबमध्ये एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "लास्ट वीकवाला लिख ना, यार. इथे तुला कोण मेडल देणार आहे?"

रेश्माने त्याच्याकडे बघितलंही नाही. आलेलं रीडिंग लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे बरोबर नाही वाटत. ब्लँक घेऊ का?"

ब्लँक म्हणजे नमुना न घालता केलेला प्रयोग. नुसतं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि बाकी सगळं तेच करायचं. त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून इंडिकेटर टाकताच ते निळं दिसायला हवं. नाही दिसलं तर दोष नमुन्यात नाही, आपल्यात आहे.

मी सबनीसांकडे बघितलं. त्यांनी हाताने खूण केली, घेऊ दे.

तिने कोपऱ्यातल्या कार्बॉयमधून, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच्या मोठ्या कॅनमधून, पाणी आणलं. इंडिकेटर टाकला.

पाणी लाल झालं.

केमिस्ट्रीच्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. माझी नजर आपोआप दाराकडे गेली. तिथे भोईर मामा उभे होते आणि त्यांचा चेहरा बघून मला सगळं समजलं. डिस्टिल्ड वॉटर करणारा प्लँट रंगाच्या कामासाठी झाकून ठेवला होता. त्यामुळे बंद होता. त्यामुळे कार्बॉय रिकामा होता. आणि रिकामं काही दिसता कामा नये, असं मी सांगितलं होतं. मामांनी तो नळाखाली धरून काठोकाठ भरला होता.

प्राचार्य पुढे झाले. हसून म्हणाले, इंडिकेटर जुना झाला असेल, आपण जरा इन्स्ट्रुमेंट रूम बघू या का. ते वाईट हेतूने बोलले नाहीत. बुडणाऱ्याला हात द्यावा तसं बोलले. मला फक्त मान हलवायची होती.

सबनीस हलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हेड, तुम्हाला काय वाटतं?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे कोर्स होता. ही मुलगी होती, तिचे वडील होते. खोटं बोललो तर कदाचित सगळं वाचेल असंही वाटलं. पण टेबलावर तो लाल फ्लास्क होता आणि त्याच्यामागे रेश्मा होती. मी हो म्हणालो असतो तर ती काही बोलली नसती. फक्त पुढच्या वेळी तिने ब्लँक मागितला नसता.

मी म्हणालो, "सर, कार्बॉयमध्ये नळाचं पाणी आहे. प्लँट रंगकामामुळे बंद होता. तुम्ही येणार म्हणून काही रिकामं दिसू नये, असं मी सांगितलं होतं. त्यामुळे तो भरला गेला."

सबनीसांनी वळून कार्बॉयकडे बघितलं.

"लेबल?" सबनीसांनी विचारलं.

"लेबल नवीन आहे, सर," मी म्हणालो.

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसणं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग ते रेश्माकडे वळले आणि तिला विचारलं, ब्लँक घ्यायचं तुला कुणी शिकवलं. ती म्हणाली, "सरांनी. पण सर म्हणतात, त्यांना त्यांच्या मॅडमनी शिकवलं."

"आणि आता याचं काय करणार?"

"नळाच्या पाण्याचा वेगळा हार्डनेस काढीन. तो वजा केला की माझ्या झऱ्याचा राहील," ती म्हणाली. "नाहीतर मग पाणी न मिसळता करीन. झऱ्याचं तसंही सॉफ्टच आहे."

सबनीसांनी एक स्टूल ओढलं आणि बसले. म्हणाले, कर. बाकी विभाग बघायचा राहिला तरी चालेल. तिने केलं. या वेळी उत्तर गेल्या आठवड्याच्या अगदी जवळ आलं. करणने आपल्या बोअरवेलचं पाणीही पुन्हा करायला घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी कमिटी बंद खोलीत रिपोर्ट लिहायला बसली. मी मामांना शोधत स्टोअरमध्ये गेलो. ते स्टुलावर डोकं धरून बसले होते. म्हणाले, "सर, मी सकाळी सांगणार होतो. मग तुम्ही टाय लावून आलात, घाईत होता." मी म्हणालो, चूक माझ्या सांगण्याची आहे, तुमच्या ऐकण्याची नाही. आणखी काही भरलंय का, तेवढं सांगा.

मामांनी विचार केला. "आगीच्या बादल्यांत वाळू कमी होती. ती भरली."

"ती बरोबर भरलीत, मामा."

संध्याकाळी आम्हाला मुख्य मुद्दे वाचून दाखवण्यात आले. शेरा होताच. लॅबची देखभाल आणि साठवण सुधारावी, डिस्टिलेशन प्लँटला पर्याय ठेवावा, लेबल आणि आतली वस्तू यांचा मेळ असावा. हे वाचताना सबनीसांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग पुढचं वाक्य आलं. विद्यार्थ्यांना स्वतःच्या निकालावर शंका घेण्याची सवय लावलेली आहे, ती बाहेरून आणता येत नाही, सबब एम.एस्सी.चे प्रवेश चालू ठेवावेत.

निघताना प्राचार्य माझ्याजवळ आले. म्हणाले, "इंडिकेटर जुना नव्हता ना?" मी म्हटलं, नाही सर, गेल्याच महिन्यात आलाय. "बरं," ते म्हणाले आणि पार्किंगकडे गेले.

यातून मी जे शिकलो ते फार मोठं नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात रंगकाम काढू नये. काढलंच तर प्लँट झाकू नये. आणि झाकलाच तर कार्बॉय रिकामा दिसू द्यावा. कमिटीतल्या माणसांनीही आपापल्या कॉलेजात रिकामे कार्बॉय पाहिलेले असतात.

मॅडम मोबाईल वापरत नाहीत. मराठी त्यांना सावकाश वाचता येतं. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेलं पत्र पोस्टाने पाठवलं. ते असं.

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

कमिटी येऊन गेली. कोर्स राहिला. तुमच्या पाण्याच्या प्रयोगावर राहिला. सगळं सविस्तर सोबत लिहिलं आहे, वाचून तुम्ही आधी मला रागवाल आणि मग हसाल, असा अंदाज आहे.

माझ्या पहिल्या वर्षीची गळकी ब्युरेट तुम्हाला आठवत नसेल. त्या दिवशी तुम्ही मला बसवलं असतंत आणि पुढच्या मुलाकडे गेल्या असतात, तर मी पुढच्या वेळेपासून शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं असतं आणि आज कुठे असतो ते सांगता येत नाही. तुम्ही थांबलात. कमिटी आली त्या दिवशी दुसऱ्या एका मुलीसाठी थांबायची माझी पाळी आली, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. थोडा करावा लागला, तेवढं खरं आहे.

रेश्माने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिच्या घरी मी जाऊन आलो. तिच्या वडिलांना तुमचंच वाक्य सांगितलं, शेत कुठे पळून जात नाही. ते म्हणाले, शेत नाहीच सर, जंगलावर चालतं. मग मी म्हटलं, जंगलही पळून जात नाही. ते हसले.

प्लँट सध्या दुरुस्तीला आहे, म्हणून कार्बॉय पुन्हा रिकामा आहे. रेश्माने त्यावर मोठ्या अक्षरात 'रिकामा' असं लिहून लावलं आहे. काल प्राचार्य राउंडला आले. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि पुढे गेले.

तुम्ही असायला हव्या होतात.

आपला विद्यार्थी,
जगन