पाहुण्यांना पाणी दाखवायला नेलं तो दिवस

लेकीचं लग्न ठरल्यापासून माझ्या थोरल्या भावाला एकच काळजी होती. जावई बिकानेरचा. वऱ्हाड दोन दिवस आधी इंदापुरात येणार. त्या माणसांना दोन दिवस दाखवायचं काय?

"त्यांच्याकडं किल्ला हाय, उंट हायेत. आपल्याकडं काय हाय?" दादा विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "पाणी हाय की! भिगवणला नेऊ, होडीत बसवू, रोहित पक्षी दाखवू. येताना द्राक्षाची बाग."

मी शाळेत शिकवते, हिंदी बरं बोलते, म्हणून पाहुणे फिरवायचं काम माझ्याकडं आलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पाहुणे कार्यालयात नाश्ता करत होते, आणि इकडं घरी मांडवाचे बांबू बघता बघता दादा मटकन खाली बसला. सदरा घामानं चिंब, तोंड राखेसारखं. शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घातलं. बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. वहिनी शेजारी बसली आणि दार लावायच्या आधी तिनं माझं मनगट धरलं.

"पोरीला सांगू नका, वन्सं. अन् पाहुण्यांना तर अजिबात न्हाय. नवरदेवाची आजी लई कडक हाय. अपशकुन म्हणून उठून जातील. तुमी त्यांना लांब घेऊन जा."

आत भाची मेंदी काढून घेत होती. "आत्या, बाबा कुठं गेले?" तिनं विचारलं. "बारामतीला, फुलांचं बघायला," मी म्हणाले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते, तिला फोन धरता येणार नव्हता. त्याचं मला बरं वाटलं. असं बरं वाटल्याची लाज अजून जात नाही.

पाहुण्यांची बस निघाली. उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रखडली की मला हायवेवर उतरून पळत सुटावंसं वाटे. पाहुणे खुशीत होते. बायका गाणी म्हणत होत्या. मी पुढं उभी राहून हे धरणाचं पाणी, हा ऊस, हे गुऱ्हाळ असं सांगत होते आणि मुठीतल्या फोनकडं बघत होते.

भिगवणला आम्ही होड्यांत बसलो. आजी माझ्या शेजारी. जांभळ्या ओढणीत गुंडाळलेली लहानखुरी बाई, एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं मला घट्ट धरून बसलेली. लांबवर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा दिसला तशी सगळी ओरडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"वन्सं, ते कागदावर सही मागत्यात," वहिनी रडत होती. "काळजात नळी घालायची म्हणत्यात. जिवाला धोका हाय म्हणत्यात. काय करू?"

"करा सही," मी हळूच म्हणाले. "आत्ताच करा."

आजीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "क्या हुआ, बेटी?"

"पानी से डर लगता है," मी म्हणाले. आयुष्य या पाण्याच्या कडेला गेलं माझं.

होडीवाल्या तात्यांनी फोनवरचं ऐकलं होतं; त्यांनी होडी काठाकडं वळवली.

काठावर आलो, जेवायला बसलो. भिगवणची मासळी पाहुण्यांना चालणार नव्हती, म्हणून दादानं आधीच पिठलं-भाकरी सांगून ठेवली होती. हॉटेलवाल्यानं ताटं मांडली आणि विचारलं, "तुमचे दादा न्हाय आले? सोताच वाढणार म्हणले होते." मी बाजूला जाऊन वहिनीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. मग मी तिथंच, हात धुवायच्या टाकीजवळ, जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. सगळ्यांचे हात ताटात थांबले. मी सांगून टाकलं.

आजी उठून माझ्यापुढं आली. मला वाटलं, जवळ घेईल. ती संतापली होती.

"उधर बाप मर रहा है और हमें चिड़िया दिखा रही हो? हम क्या तमाशा देखने आए हैं?"

नवरदेवाच्या वडलांनी ताट सारलं आणि ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, "बारामती."

दवाखान्याच्या दारात रखवालदारानं सगळं वऱ्हाड अडवलं. आजीला तेवढं आत सोडलं. ती वहिनीशेजारी बाकावर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचलेत, पण आठवडाभर हलवायचं नाही.

मी एकटी इंदापूरला परतले, भाचीला सांगायला. तिची मेंदी वाळली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना कळलं. होडीवाल्याला कळलं. मलाच न्हाय?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"बाबा गेले असते तर मी इथं हात वाळवत बसले असते, आत्या."

ती त्याच हातांनी गाडीत बसून बारामतीला गेली. मला सोबत नेलं नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. दादाच तसा हट्ट धरून बसला होता. कन्यादान मी आणि माझ्या यजमानांनी केलं. पाणी सोडताना भाचीनं हात पुढं केला, पण माझ्याकडं बघितलं नाही. आता दादा शेतात जातो, बांधापर्यंत हळूहळू चालतो. भाची बिकानेरहून रोज त्याला फोन करते. मी घरात असले तर तो फोन माझ्याकडं देतो. ती तब्येत विचारते, पावसाचं विचारते आणि म्हणते, "ठेवते, आत्या."