उशीरची आरोळी

झेंडेवाली म्हणून तिला सगळे ओळखत, पण तिचं पोट काही झेंड्यावर चालत नव्हतं. तिचं दुकान ताडपत्र्यांचं. ट्रकांच्या, टेंपोंच्या, बांधकामावर झाकायच्या. जाड सुई, मेण चोळलेला दोरा, कडेला ठोकायच्या पितळी कड्या आणि एक म्हातारं मशीन, जे तिच्याखेरीज कुणाचं ऐकत नसे. तिच्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की सुई टोचली तर सुईच वाकेल, असं तिचा नवरा म्हणायचा. वर्षातून एकदा ताडपत्र्या बाजूला सरकायच्या आणि दुकानभर फुटबॉल क्लबचा झेंडा पसरायचा. विटकरी आणि पांढरा. वीटभट्टीवरच्या कामगारांनी क्लब काढला, म्हणून विटकरी. पूर्वेचा अख्खा स्टँड झाकेल एवढा तो झेंडा, दर मोसमात कुठे ना कुठे उसवलेला. गिऱ्हाइकांनी त्यावर पाय दिला की ती मशीनवरूनच ओरडायची, "अहो, चपला! चपला काढा आधी!"

नवरा मोटारींचे ब्रेक दुरुस्त करायचा. हात पक्का, एकही ब्रेक कधी परत आला नाही. पण स्टँडवर या माणसाला काय व्हायचं कोण जाणे. आपला खेळाडू बॉल पायात अडकवून बसला की सगळे ओरडत, "सोड, सोड!" खेळाडू बॉल सोडायचा, बॉल दुसऱ्याकडे पोचायचा, स्टँड गप्प व्हायचा, आणि मग याची एकट्याची आरोळी यायची. "सोऽड! सोड आता!" अख्खा स्टँड एका सुरात उत्तर द्यायचा, "सोडला!" आणि हशा. त्यावरून त्याचं नाव उशीर पडलं. त्यानंही ते मजेत मिरवलं. गॅरेजच्या पाटीवर रंगवायचं तेवढं बाकी होतं. त्याला उशीर का होतो यावर लोकांनी चिक्कार डोकं चालवलं. कुणी म्हणे कान जड आहेत, कुणी म्हणे चष्मा बदला. खरं कारण एकट्या झेंडेवालीला माहीत होतं, आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

उशीर गेला तो हॉस्पिटलात, छातीच्या दुखण्यानं. शेवटच्या दुपारी तिनं त्याचा हात असा धरून ठेवला होता की तो म्हणाला, "सोड गं आता, बोटं मोडशील." तिनं सोडला नाही. संध्याकाळी नर्सनं हळूच तिची बोटं एकेक करून उलगडली. त्याचे फोटो होते, शर्ट होते, पान्यांची पेटी होती. आवाज मात्र कुठेच नव्हता. त्याला फोनवर बोलायचाही कंटाळा. घरात कुणी त्याचा आवाज कधी रेकॉर्ड केलाच नव्हता, आणि ही गोष्ट तिला पुढे हळूहळू छळायला लागली. एकदा कड्या ठोकता ठोकता तिला तो आवाज आठवेना. हातोडी हातातच राहिली.

त्याच सुमारास क्लब विकला गेला. नवा मालक कुणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. गेटवरच्या भल्यामोठ्या फलकावर तेवढा तो हसत असायचा. त्यानं आधी तिकिटं महाग केली. मग पूर्वेच्या स्टँडला एका टूथपेस्टचं नाव दिलं. मग तीच टूथपेस्ट जर्सीवर आली आणि विटकरी रंगच गेला, निळा आला. खेळाडू मैदानात उतरले की दात घासायला निघाल्यासारखे दिसत. लोक चिडले, पत्रकं वाटली, घोषणा दिल्या. आतून सांगण्यात आलं की जुन्या रंगाचा झेंडा आत आणायचा नाही, जाहिरात झाकली जाते. झेंडेवालीनं झेंड्याची घडी घातली, ताडपत्रीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "बापजाद्यांचा रंग," एवढंच ती म्हणाली. राग आला की ती कमी बोलायची.

शेवटी स्टँडवर ढोल वाजवणारा नळवाला पुढे झाला. दिवसभर लोकांच्या मोऱ्या उपसणारा, आडदांड, पण डोक्यानं तेज. त्यानं सांगितलं, "आत कुणी जायचं नाही. मॅचच्या दुपारी पूर्वेच्या भिंतीबाहेर जमायचं, स्टेडियमकडे पाठ करून. चकार शब्द काढायचा नाही. मालकाला रिकाम्या खुर्च्या विकू दे." सगळ्यांना पटलं.

पहिल्या दुपारी भिंतीबाहेर ही गर्दी. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे, तोंडं रस्त्याकडे. आत पंचाची शिट्टी झाली. आणि आतून गर्दी ओरडली.

आधी वाटलं, कुणीतरी फुटलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण आरोळी थोड्याथोडक्यांची नव्हती, भरलेल्या स्टँडची होती. टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, नळवाल्याचा ढोल होता. नळवाल्यानं गळ्यातल्या ढोलाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"आपणच आहोत," तो पुटपुटला. "जुन्या मॅचेसचं रेकॉर्डिंग. टीव्हीवर सुनं वाटू नये म्हणून स्पीकरवर सोडलंय मेल्यांनी."

काही जण हसले, पण हसू फार टिकलं नाही. भिंतीपलीकडे आपणच ओरडतोय आणि अलीकडे आपणच तोंड मिटून उभे, हे अंगावर यायला लागलं. एका म्हाताऱ्यानं कान टवकारले आणि म्हणाला, "हा खोकला आमच्या दादाचा." त्याचा दादा कधीचाच गेलेला. मग जो तो ऐकायला लागला. आत जिवंत आणि मेलेले एकाच बाकावर बसले होते, आणि आवाजावरून कोण कुठला ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आत बॉल कुणीतरी पुढे दिला असावा. क्षणभर शांतता. आणि मग, "सोऽड! सोड आता!"

झेंडेवाली गर्रकन भिंतीकडे वळली. आतून स्टँड गर्जला, "सोडला!" हशा झाला, आणि त्या हशात, अगदी त्याच्या शेजारी, एका बाईचं खळखळून हसणं ऐकू आलं. ते तिचं स्वतःचं हसणं होतं. तो गेल्यापासून असं ती कधी हसलीच नव्हती. भिंतीच्या आत ती नवऱ्याजवळ बसून हसत होती आणि बाहेर ही कोण उभी होती, हे तिला पटकन सांगता आलं नसतं.

बाहेरच्या कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

त्यानंतर प्रत्येक मॅचला ती सगळ्यांच्या आधी यायची. पाठ करून उभं राहणं केव्हाच सुटलं. ती भिंतीला कान लावून उभी राहायची, गाल विटांवर. घरी जाताना गालावर लाल भुकटी असायची, ती कधी पुसत नसे. दुकानात ताडपत्र्यांचा ढीग साचला. शेजारीण म्हणाली, "वहिनी, तब्येत बघा जरा," तर ही म्हणाली, "शनिवारी बोलू, शनिवारी मॅच आहे." आणि हसली. ते हसू पाहून शेजारीण घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

इकडे नळवाल्यानं ठरवलं. "आपलेच आवाज चोरून आपल्यालाच वाकुल्या दाखवतात? पुढच्या मॅचला बाहेर एवढा ढोल बडवू की टीव्हीवर दुसरं काही ऐकू येता कामा नये. बंद करायलाच लावू." सगळे हो म्हणाले. झेंडेवाली म्हणाली, "नको."

"वहिनी, तुमचं दुःख कळतं मला..."

"तुला काय कळतंय, डोंबल! तुझा भाऊ तुझ्यासमोर जेवतो रोज." मग तिचा आवाज खाली आला. "एक मॅच थांब. एकच. मला नीट ऐकू दे, मग काय वाजवायचं ते वाजव."

नळवाल्यानं मान डोलावली. पण लोकांत कुजबुज झालीच. वहिनी आता आतल्यांच्या झाल्या, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिच्या कानावर गेलं.

दुसऱ्याच दिवशी स्टेडियमचा मॅनेजर दुकानात हजर. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर वाईट दिसतात, त्या झाकायला निळी ताडपत्री हवी होती, टूथपेस्टच्या नावासकट. तिनं साफ नाही म्हटलं. तो चिडला नाही. मशीनवर हात फिरवत गोड आवाजात म्हणाला, "बाहेर भिंतीला कान लावून काय ऐकता, काकू? विटांतून काय कळतं? आत या. अगदी स्पीकरखाली बसा. ताडपत्रीचं बघू सावकाश." जाताना त्यानं पास टेबलावर ठेवला.

शनिवारी ती आत गेली. बाहेर उभ्या असलेल्यांच्या समोरून गेली, मान खाली घालून. कुणी अडवलं नाही आणि कुणी रस्ताही दिला नाही. तिला खांदे चुकवत जावं लागलं.

स्टँड तसाच होता, फक्त निळा. तिनं जुनी जागा शोधली आणि बसली. शेजारची खुर्ची मिटलेली होती, ती तिनं हातानं उघडली. हात काढताच खुर्ची पुन्हा मिटली. मग तिनं तिच्यावर पिशवी ठेवली. सगळीकडे ऊन आणि रिकाम्या रांगा, आणि डोक्यावर स्पीकरमधून माणसं शिंकत होती, एकमेकांना हाका मारत होती, कुणीतरी कुणाला सरकायला सांगत होतं. तिनं नकळत पाय जवळ घेतले.

मैदानात एका निळ्या पोरानं बॉल पायात घोळवला. मग पास दिला. आणि बॉल सुटतो न सुटतो तोच डोक्यावरून आवाज आला, "सोऽड! सोड आता!"

वेळेवर. अगदी ठोक्याला.

"सोडला!" स्पीकर म्हणाला. हशा झाला. तिचं हसणंही वेळेवर आलं.

तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. ती पुढच्या पासची वाट पाहत राहिली. पुन्हा तसंच. आवाज त्याचाच, घसाही त्याचाच, शेवटी चिरकणारा. पण हा माणूस वेळेवर होता. अंधारात दार उघडावं आणि आत आपल्या माणसाचे कपडे घालून दुसराच कुणी बसलेला दिसावा, तसं तिला झालं. ती उठली आणि वरच्या काचेच्या खोलीकडे निघाली.

खोलीत सर्दी झालेला एक मध्यमवयीन माणूस बटणांसमोर बिस्किटं खात बसला होता. तिनं विचारलं तसं त्यानं सरळ सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"तो एक आवाज फार मागे पडायचा, ताई. मी पासवर बटण दाबायचो, पण हाकेच्या आधी एक मोकळी जागा होती. टीव्हीवाल्यांची तक्रार आली, आवाज अडकतो म्हणून. मग ती जागा काढून टाकली. आता कसा बरोबर बसतो बघा."

"त्या जागेत काय होतं?"

"काही नाही. रिकामी होती."

झेंडेवालीला ते माहीत होतं. लग्नानंतर नवऱ्यानं तिला पहिल्यांदा मॅचला आणलं, तेव्हा तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानात काही घडलं की तो आधी तिच्याकडे वळायचा, तिनं पाहिलं की नाही ते बघायचा, तिचे डोळे बॉलवर आहेत याची खात्री करायचा, आणि मग मैदानाकडे तोंड करून ओरडायचा. पुढे तिला खेळ त्याच्याहून जास्त कळायला लागला, तरी ती सवय गेली नाही. शेवटच्या मॅचपर्यंत तो आधी तिच्याकडे बघायचा.

"रिकामी नव्हती," ती म्हणाली.

"जुनी फाईल पुसली हो." माणसानं नाक शिंकरलं. तो बिचारा मनानं वाईट नव्हता. "पण तुम्हाला तसंच हवं असेल तर घालतो परत. किती उशीर हवा ते सांगा, तेवढा घालतो. आपल्या हातात आहे."

ती वळली. जिना उतरून पुन्हा जागेवर आली, पण बसली नाही. मैदानात बॉल एका पोराच्या पायात अडकला होता. त्यानं तो सोडला. डोक्यावर नवऱ्याची आरोळी वेळेवर झाली, हशा वेळेवर झाला. ते सगळं संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं शेजारच्या खुर्चीकडे मान वळवली. पिशवी होती. तिच्याकडे तिनं नीट पाहून घेतलं आणि मैदानाकडे तोंड करून, छाती फुटेस्तोवर ओरडली.

"सोऽड! सोड आता!"

निळा पोरगा दचकून वर बघायला लागला. पंचानंही पाहिलं. रिकाम्या स्टँडवर तिचा आवाज घुमला आणि विरला. काही क्षण काहीच झालं नाही.

मग भिंतीपलीकडून, मौन पाळायचं ठरवलेल्या त्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकदम उत्तर आलं.

"सोडला!"

कुणी हसलं नाही. ती तिथेच खुर्चीची पाठ धरून रडली, पहिल्यांदाच मोठ्यानं. मग तिनं पिशवी उचलली. खुर्ची फाटकन मिटली.

गेटबाहेर लोकांनी या खेपेला वाट करून दिली. आतून स्पीकरवर पुन्हा त्याची हाक आली, ठोक्याला. त्या हाकेला बाहेर कुणीच उत्तर दिलं नाही. नळवाला ढोल गळ्यात घालून उभा होता, डोळे खाली. ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"वाजव," ती म्हणाली. "चांगला मोठ्यानं वाजव."