सात क्विंटलची गाडी आणि चार टायर

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे आधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. ते आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे पाहतात, वाकून अंगठ्यानं दाबतात आणि मग सावकाश मान वर करून "या, कसं काय?" म्हणतात. मुलगी पाहायला आमच्या सासऱ्यांच्या दारात आले, तेव्हासुद्धा म्हणे त्यांनी हेच केलं होतं. आत पोह्यांच्या बशा तयार, अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पदर सावरून बसलेल्या, आणि नवरदेव अंगणात सासऱ्यांच्या जीपपाशी उकिडवे. आत आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "पुढचं डावं चाक आतल्या अंगानं झिजलंय, बघून घ्या." सासऱ्यांनी जीप गॅरेजात दाखवली, ते खरं निघालं आणि लग्न ठरलं. अक्का अजून सांगतात की त्या दिवशी पसंत पडलं ते चाक, त्या नव्हेत.

नोकरी त्यांनी माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात केली, वाहन विभागात. उसानं लादलेली बैलांची टायरगाडी फाटकातून आत येताना हे पाठमोरे बसूनच सांगायचे, "उजवीकडं हवा कमी हाय." गाडीवान हवा मारून यायचा आणि जाताना हात जोडायचा. असा माणूस निवृत्त झाला की तीर्थयात्रेला जाईल, नातवंडं खेळवील, असं आम्हाला वाटलं होतं. हे पुण्याला गेले आणि एका डॉक्टरांनी हौसेनं बाळगलेली दोन माणसांची, उघड्या टपाची, हिरवी स्पोर्ट्स कार घेऊन आले. ती इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. गल्लीतल्या एकानं तर सरळ विचारलं, "अन् बाकीची गाडी कवा येनार?" साडूंना राग आला नाही. गाडी हलकी असण्याचाच त्यांना अभिमान. तिचं वजन ते किलोत सांगत नाहीत. "सात क्विंटल. फकस्त सात," असं ते सोयाबीनच्या पोत्यांवर हात ठेवल्यासारखं सांगतात.

धारूरचा घाट चढून पलीकडं गेलं की एका बंद पडलेल्या कारखान्याचं डांबरी यार्ड आहे. पूर्वी तिथं उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या. आता दर उन्हाळ्यात आसपासच्या जिल्ह्यांतले गाडीवेडे एका रविवारी तिथं जमतात, प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि घड्याळ लावून एकेकानं वेड्यावाकड्या वाटेवरून फेरी मारायची. साडू वयानं त्या सगळ्यांचे बाप. त्यांची फेरी बावन्न सेकंदांची, आणि त्यांना ती पन्नासात बसवायची होती. एवढंच. पण दुसरी अट त्यांची स्वतःची होती : ज्या चाकांवर घरून निघायचं त्याच चाकांवर पळायचं आणि त्याच चाकांवर घरी यायचं. टेम्पोवर गाडी घालून नेणाऱ्यांची ते कीव करतात. "बैलाला काय टेम्पोतून नांगराला नेतेत का, मास्तर?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी पाटोद्याला शाळेत मास्तर आहे, नांगराचा प्रश्न मला कुणी विचारत नाही, म्हणून मी मान डोलावली.

झालं, मग टायरांचा शोध सुरू झाला. पहिली चूक कारखान्यातल्या सवयीची. टायरगाडीच्या चाकात हवा दगडासारखी गच्च मारतात, कारण वर टनावारी ऊस असतो. साडूंनी या सात क्विंटलच्या पाखरालाही तशीच हवा मारली. गाडी प्रत्येक गतिरोधकावर दोन वेळा उडायची. अक्का बाजारातून येऊन कंबर धरून उतरल्या आणि म्हणाल्या, "टायरगाडीत खाली ऊस तर असतोय." मग हवा कमी झाली. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून रुंद टायर आणले. मोठ्या भावाची चप्पल घातलेल्या पोरासारखी गाडी फटक फटक चालू लागली, कारण एवढी रुंदी दाबून धरायला वरून वजनच नव्हतं. मग आले ते मऊ, शर्यतीचे टायर. अंगावर जेमतेम दोन नाळ्या, म्हणजे पाणी निघून जायच्या खाचा, बाकी गुळगुळीत. हे तापले की डांबराला चिकटतात. पण गाडी हलकी, त्यामुळे ते तापायलाच तयार नाहीत. साडूंनी उपाय काढला. यार्डाच्या आदल्या दिवशी चारही टायर गच्चीवर उन्हात ठेवले, ते नेमके अक्कांच्या कुरडयांशेजारी. त्या वर्षी आमच्या घरी आलेल्या कुरडया तळल्या की पंक्चरच्या दुकानाचा वास यायचा. आम्ही त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

पण त्याच मऊ टायरांनी घात केला. घाट चढताना पुढं पाण्याचा टँकर होता. आमच्याकडं उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी दिसलं तर ते टँकरातूनच सांडलेलं असतं. त्या ओल्या पट्ट्यावर गाडी एकाएकी आडवी झाली, गर्रकन फिरली आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. शेजारी अक्का होत्या, मांडीवर धपाट्यांचा डबा. कुणाला खरचटलंही नाही. अक्का खाली उतरल्या, डबा घेऊन चालत वर गेल्या आणि एसटीनं घरी आल्या. "तुमी पळा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर वर्षभर त्या गाडीत बसल्या नाहीत. बाजूची सीट रिकामी घेऊन साडू गावातून फिरायचे, आणि मला खरंच सांगायचं तर ते दृश्य बघवत नसे.

यंदा मऊ टायर झिजले आणि नवे घ्यायची वेळ आली. दुकानदारानं दोन नमुने पाठवले. साडूंनी ते पुढच्या खोलीत टीपॉयवर मांडले आणि येईल त्याला कौल मागू लागले. मलाही पाटोद्याहून बोलावणं आलं.

"डोळे मिटा, मास्तर. नख दाबा. काय वाटतं?"

"रबर वाटतं."

"तसं न्हाई ओ! हे मऊ. ह्याच्यावर पन्नास सेकंद पक्कं. अन् हे दुसरं अरुंद हाय, नाळ्या खोल, पाणी कापतंय. पन यार्डात चार सेकंद खातंय."

"मग अडचण काय?"

 स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता, साडू तिकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मी तिला गाडीत बस म्हनलो न्हाई. कशापायी म्हनू? तिला वाटलं पायजे." तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला, कोणते टायर मागवू म्हणून. साडूंनी मऊ टायरवरून एकदा हात फिरवला. "नाळीवाले पाठव," ते फोनमध्ये म्हणाले, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. आतला थापण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

यार्डाच्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको आमच्या गाडीतून माजलगावला साडूंच्या दारात आलो, तर अक्का हिरव्या गाडीत आधीच बसलेल्या. घाटात त्यांनी डोळे गच्च मिटलेले मला मागून त्यांच्या बाजूच्या आरशात दिसत होते, आणि साडू इतके हळू चालले होते की एका रिकाम्या ट्रॅक्टरनं त्यांना मागं टाकलं. यार्डात चोपन्न सेकंद लागले. "काका, टायर बदला, आरामात पन्नास होईल," पोरं कळवळून सांगत होती. साडू नुसते हसले.

परतताना धारूरला चहाला थांबलो. बायका गाडीपाशी गेल्या तेव्हा मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"वाटतंय की. लई वाटतंय," ते म्हणाले. "औंदा झालं असतं, मास्तर. म्होरल्या साली डोळे कसे राहतेत, कुनाला ठावं." कपातला उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. 

तेवढ्यात अक्कांनी हाक मारली. पदर डोक्याला घट्ट गुंडाळून त्या जागेवर बसल्या होत्या. "अहो, चला की! अन् आता घाटात जरा जोरात घ्या. सकाळच्यासारखा जीव कशापायी काढता?"

साडूंनी अक्कांकडं पाहिलं, गाडीत उतरले आणि निघाले. मी लगोलग त्यांच्या मागं गाडी काढली, पण माजलगाव येईपर्यंत ते दोघं मला काही दिसले नाहीत.