गोदरीवरच्या मॅडम

रत्नमाला मॅडम शायेत तिसरीले शिकवे, पण पायटी तिचं काम दुसरंच राहे, अन् थे सांगतानाही तोंड कडू होते. तालुक्याच्या साहेबानं हुकूम सोडला होता, गाव हागणदारीमुक्त झालं पाह्यजे. म्हणून मास्तराइनं अंधारातच गोदरीवर, गाव टमरेल घेऊन बसते तिथं, जाचं, शिट्या वाजवाच्या, अन् जे कोणी बसेल दिसन त्याचा फोटो काढून साहेबाच्या मोबाइलवरच्या गुरुपात टाकाचा. आता सांगा बाप्पा, हे काय शिकेल बाईचं काम होय? डीएड यासाठी केलं होतं का तिनं?

थे बिचारी मंगरूळपिराहून स्कुटीवर निंगे. नाल्याच्या काठानं बेशरमाची झुडपं, अन् झुडपाइच्या आड सारं गाव. नाकाले पदर लावून चाले. थो वास तिच्या नाकात असा बसला का दुपारी डबा उघडला तरी थोच. एक घास घे अन् झाकण लावून दे. शिट्या फुकूफुकू घसा बसला. वर्गात पोराइवर उगीच खेकसे, मंग सोताचाच राग ये.

घरी नवरा, धम्मपाल, म्हणे, "रजा टाक न."

"टाकली होती. साहेब म्हणे, कायमचीच घरी बसवतो."

वर्गात एक राखी होती, मजुरी करणाऱ्या बेबीबाईची पोरगी. बोट ठेवून धडा वाचे, अडली का मॅडमकडे पाहे. मॅडमनं मान हलवली का पुढं पये. त्या एका पोरीसाठी मॅडम टिकून होती म्हणा.

एका पायटी मॅडमनं शिटी वाजवली. झुडपाआडून एक बाई टमरेल घेऊन उठली, तोंडावर पदर ओढला. मॅडमनं धड पाह्यलंही नाई. फोटो काढला अन् झोपेल डोयानं धाडून देला. साहेबाच्या गुरुपात नाई, शायेतल्या मायबापाइच्या गुरुपात!

पुसेपर्यंत गावानं पाह्यला. तोंड झाकेल होतं, पण बेबीबाईचं जांभयं पातय कोण ओयखत नाई?

राखीचं शायेत येनं बंद झालं.

मॅडम राखीच्या घरी गेली. बेबीबाईनं बसाले टाकलं नाई, पान्याचंही इचारलं नाई.

"चुकलं माह्यं, बाई."

"चुकलं कायचं? लोकाइचे बुडं पाह्याचाच पगार भेटते न तुमाले?"

"माह्यं ध्यानच नोतं..."

"या इकडं. आमचं संडास पाहा."

अंगणात पत्र्याचं सरकारी संडास, अन् आत शेयी बांधेल.

"ठेकेदारानं खड्डाच नाई खोदला. सांगा, कुठं बसू? तुमच्या शायेत?"

मॅडम म्हणे, "मी आता गोदरीवर पाय ठेवत नाई. पण राखीले धाडा."

"कायले? पोट्टे तिले काय म्हणून हाका मारतात, थे मी तोंडानं सांगत नाई. मामाच्या घरी देली धाडून, कारंजाले."

दुसऱ्या दिवशी मॅडम गोदरीवर गेलीच नाई. साहेब जीप घेऊन सिद्दा वर्गात.

"ड्यूटी सोडून अठी काय करून राह्यल्या?"

"शिकवून राह्यली, साहेब."

"वरून तोंड चालवता? फोटो कुठं आहे आजचा?"

"बिनखड्ड्याच्या संडासाचा काढून आणला. टाकू गुरुपात?"

साहेबाचं तोंड एवढंसं झालं. पण नोटीस काढलीच मेल्यानं.

अन् नवल पाहा, आठवड्यात गावाच्या शिवेवर पाटी लागली, हागणदारीमुक्त गाव! साहेबाच्या गयात हार, टाया, फोटो. थू! पाटीच्या मांगंच लोक टमरेल घेऊन बसेल होते.

सुटीच्या दिवशी मॅडम एस्टीनं कारंजाले गेली. राखी मामाच्या ओट्यावर गहू निवडून राह्यली होती. मॅडमले पाह्यलं अन् सूप टाकून घरात पयाली.

मामा भाईर आला. "कोण पाह्यजे?"

"मी राखीची मॅडम."

आतून पोरीचा आवाज आला, "मामा, आंधी तिचा मोबाइल घे!"

मॅडमनं मोबाइल काढून मामाच्या हातात देला अन् खाली ओट्यावर बसली. मामीनं चहा देला, थो तसाच राह्यला. मॅडम एस्टीचा टाइम होईस्तोर दाराकडं पाहात बसली.

राखी काही भाईर आली नाई.